बारा आकड्यांचा ताळा

बाजाराच्या दिवशी घोटीतल्या सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीपुढची रांग वाढते. इगतपुरी तालुक्यातल्या वाड्यापाड्यांतून, शेजारच्या अकोले आणि त्र्यंबक भागातून जीपने, एसटीने आलेली माणसे बाजारही करतात आणि दुखणेही दाखवून जातात. खिडकीतून ठरलेले प्रश्न येतात. नाव, वय, गाव ही उत्तरे पटकन मिळतात. ‘आधार नंबर?’ विचारले की रांग थबकते. कुणाचे कार्ड पावसात भिजून अक्षरे पुसट झालेली असतात, कुणाचे घरी राहिलेले असते. मग घरी फोन लावला जातो. पलीकडून नातू आकडे सांगतो, अलीकडे आजी ते मोठ्याने म्हणते आणि खिडकीतला कर्मचारी टंकतो. बारा आकडे एका तोंडातून दुसऱ्या कानात, तिथून तिसऱ्या माणसाच्या बोटात जातात. वाटेत एखादा आकडा बदलला, तर संगणक तिथल्या तिथे सांगतो, हा क्रमांक चुकीचा आहे.

त्यानंतर मोबाइल नंबर विचारला जातो. त्याचे दहा आकडे. त्यातला एक बदलला, तर मात्र संगणक हूं की चूं करत नाही. तो नंबर निमूटपणे नोंदवून घेतो. पुढे तपासणीचा निरोप भलत्याच माणसाच्या फोनवर जातो. क्षयरोगाच्या रुग्णाला ‘औषध का थांबवले?’ असे विचारणारा फोन कुण्या अनोळखी घरात वाजतो. एकाचे गुपित दुसऱ्याला कळते आणि ज्याला निरोप मिळायला हवा तो वाट पाहत राहतो.

दोन्ही मोठ्या पूर्णांक संख्याच. पण एक आपली चूक स्वतः सांगते आणि दुसरी सांगत नाही. पहिल्या संख्येत एक गणिती गुणधर्म मुद्दाम विणलेला असतो आणि दुसरीत तो नसतो, एवढाच फरक. हा गुणधर्म कोणता, तो कशापासून वाचवतो आणि कशापासून वाचवत नाही, हे दवाखान्याची पायरी चढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असलेले बरे.

माणूस आकडे कसे चुकवतो

नेदरलँड्समधले गणितज्ञ याकोबस व्हेरहूफ यांनी १९६९ मध्ये या प्रश्नाचा मुळापासून अभ्यास प्रसिद्ध केला. माणसे आकडे लिहिताना नेमक्या कोणत्या चुका करतात, हे त्यांनी प्रत्यक्ष नोंदींवरून मोजले. सुमारे ७९ टक्के चुकांत एकच आकडा बदललेला होता. सुमारे १० टक्के चुकांत शेजारच्या दोन आकड्यांची अदलाबदल झालेली होती. म्हणजे या दोन प्रकारच्या चुका पकडता आल्या, की दहातल्या जवळपास नऊ चुका पकडल्या जातात. बाकीच्या किरकोळ प्रकारांत एक आकडा सोडून पलीकडच्याशी अदलाबदल, जोडीने आलेले दोन सारखे आकडे चुकणे आणि उच्चार सारखे वाटल्याने होणारी चूक यांचा समावेश होता.

अदलाबदलीची चूक मराठी माणसाच्या घरचीच आहे. ‘सत्तावीस’ म्हणताना तोंडातून आधी सात येतो, मग वीस. लिहिताना मात्र आधी दोन आणि मग सात लिहायचा. ऐकतानाच लिहू लागलेल्या माणसाच्या हातून सत्तावीसचे बहात्तर होते ते यामुळे. डच भाषेतही सत्तावीसला ‘सात आणि वीस’ असेच म्हणतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’, ‘साठ तीन’ अशी वाचनाची पद्धत दिली गेली, तेव्हा राज्यभर वाद झाला आणि चेष्टाही झाली. गणित विषय समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागचे कारण तेव्हा समजावून सांगितले होते. लहान मुलांना जोडाक्षरांचे संख्यानाम आणि उलटा क्रम दोन्ही जड जातात. वाद भाषेपुरता राहिला. पण ही अडचण दुसरीच्या वर्गाबरोबर संपत नाही, ती केसपेपरच्या खिडकीपर्यंत सोबत येते.

उच्चारांची अडचणही आपल्याकडे कमी नाही. सात, साठ आणि आठ हे तीन शब्द फोनवर ऐकून पाहावेत. ‘स’सारख्या व्यंजनांची ओळख पटवणारे ध्वनी उंच पट्टीचे असतात. साध्या फोनवरचा जुना ध्वनिपट्टा सुमारे ३४०० हर्ट्झपाशी संपतो आणि ‘स’ची बरीचशी ताकद त्याच्या वर असते. वाढत्या वयात कान मंदावतो, तो नेमका याच उंच पट्टीपासून. म्हणून आजीला आवाज ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. तिने ‘साठ’चा ‘आठ’ केला, तर त्यात निष्काळजीपणा नसतो. तो तिच्या कानाचा आणि फोनच्या तारेचा दोष.

लिपीचाही एक घोळ आहे. गावातल्या चिठ्ठीवर आकडे मराठी असतात, संगणकात इंग्रजी. मराठी १ घाईत लिहिला की इंग्रजी नऊसारखा दिसतो आणि मराठी ५ इंग्रजी चारसारखा. त्यातच ‘दोन पाच’ म्हणजे पंचवीस की पाच दोनदा, आणि ‘तीन शून्य’ म्हणजे तीस की तीन वेळा शून्य, हे सांगणाऱ्याच्या मनात असते. ऐकणाऱ्याच्या मनात तेच असेल याची खात्री नाही.

शिवाय बारा आकडे ही आपल्या मेंदूच्या खिशात मावणारी गोष्टच नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये दाखवून दिले की तात्पुरत्या स्मरणात साधारण सात गोष्टी राहतात, फार तर दोन कमी किंवा दोन जास्त. आधार कार्डावर बारा आकडे चार-चारच्या तीन गटांत छापलेले असतात, त्यामागे हेच शहाणपण आहे.

नऊचा ताळा आणि देवळालीचे मास्तर

चूक पकडण्याची कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. आजोबांच्या पिढीने शाळेत ‘नऊचा ताळा’ शिकलेला असतो. संख्येतल्या आकड्यांची बेरीज करायची, ती एक आकडी होईपर्यंत पुन्हा बेरीज करायची आणि त्यावरून गुणाकार-भागाकार बरोबर आला का ते पाहायचे. हाच ताळा क्रमांकात आधीच घालून ठेवता येतो.

समजा, रुग्णाला ४२७१६ असा पाच आकडी क्रमांक द्यायचा आहे. आकड्यांची बेरीज होते २०. शेवटी ७ जोडला की बेरीज २७ होते, म्हणजे नऊच्या पटीत येते. मग क्रमांक झाला ४२७१६७. हा शेवटचा ७ म्हणजे ताळ्याचा अंक. पुढे कुणी त्यातला ४ चुकून ५ केला, तर बेरीज २८ होईल, नऊने भाग जाणार नाही आणि चूक उघडी पडेल.

मात्र सत्तावीसचे बहात्तर झाले तर? ४७२१६७. बेरीज पुन्हा २७च. नऊच्या ताळ्याला काही कळलेच नाही. बेरजेला क्रम ठाऊक नसतो. त्याच कारणाने शून्याचा नऊ किंवा नऊचा शून्य झाला, तरी हा ताळा गप्प बसतो, कारण नऊने भागताना दोन्हींची बाकी एकच.

आकड्यांची बेरीज काय सांगते आणि काय लपवते, याचा ध्यास घेतलेला एक माणूस घोटीपासून जवळच राहत होता. घोटी स्थानकावरून नाशिककडे निघाले, की पाडळी, अस्वली, लहवीत ही लहान स्थानके मागे टाकून गाडी देवळालीला पोहोचते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ या काळात तिथे शाळेत शिक्षक होते. डहाणूला १९०५ मध्ये जन्मलेल्या कापरेकरांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतली होती, पुढची पदवी मात्र नाही. चार आकडी संख्येतले आकडे उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत गेले, की शेवटी ६१७४ हाती लागते, हा त्यांचा शोध जगभर गेला. चारही आकडे सारखे नसावेत, एवढीच अट. अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये आपल्या प्रसिद्ध सदरात त्यांच्या कामाची ओळख करून दिली.

कापरेकरांचा आणखी एक आवडता खेळ होता. कोणत्याही संख्येत तिच्याच आकड्यांची बेरीज मिळवायची. २३ मध्ये २ आणि ३ मिळवले की २८. म्हणजे २३ ही २८ची जनक. काही संख्यांना जनकच नसतो. २० घ्या. कोणत्याही संख्येत तिच्या आकड्यांची बेरीज मिळवून २० येत नाहीत. अशा संख्यांना त्यांनी स्वयंभू म्हटले. उलट काही संख्यांना दोन जनक असतात. ९१ मध्ये १० मिळवले की १०१ आणि १०० मध्ये १ मिळवला तरी १०१. हाती १०१ आले, तर मागे कोणती संख्या होती ते सांगता येत नाही. बेरीज झाली आणि माहिती हरवली.

कापरेकरांच्या हयातीत अनेक प्राध्यापकांना हे काम पोरखेळ वाटे. संख्येचे खरे गुणधर्म तिच्या लिहिण्यावर अवलंबून नसतात, दहाच्या ऐवजी दुसऱ्या पायात संख्या लिहिली की हे सारे चमत्कार बदलतात, असा त्यांचा आक्षेप होता. आक्षेप खोटा नाही. पण माणसाच्या हातून जी चूक होते ती संख्येत होत नाही, संख्येच्या लिहिण्यातच होते. म्हणून ती पकडणारे गणितही लिहिलेल्या आकड्यांचेच असावे लागते.

वाघिणीवरचा शेवटचा आकडा

क्रम पकडायचा असेल, तर प्रत्येक जागेला वेगळे वजन द्यावे लागते. एका जागेचा आकडा तसाच घ्यायचा, शेजारचा तिपटीने घ्यायचा, असे आलटून पालटून. घोटीच्या फाटकापाशी मालगाडी जाईपर्यंत थांबलेल्या कुणीही वाघिणींवरचे अकरा आकडी क्रमांक पाहिलेले असतात. त्यातला शेवटचा आकडा अशाच हिशेबाने आलेला ताळ्याचा अंक असतो. किराणा मालाच्या पुड्यावरच्या बारकोडखालच्या तेरा आकड्यांतला शेवटचा आकडाही तसाच. १ ऑगस्ट २०२३ पासून देशातल्या जास्त खपाच्या ३०० औषधांच्या वेष्टनावर बारकोड किंवा क्यूआर कोड बंधनकारक झाला आहे, त्यामुळे आता औषधांचा आणि या गणिताचा संबंध वाढतोच आहे.

आपला ४२७१६ पुन्हा घेऊ. उजवीकडून पहिला, तिसरा आणि पाचवा आकडा तिपटीने, बाकीचे तसेच. सहा त्रिक अठरा, त्यात १, मग सात त्रिक एकवीस, त्यात २, मग चार त्रिक बारा. एकूण ५४. दहाच्या पटीत यायला ६ हवेत, म्हणून क्रमांक ४२७१६६. एकच आकडा बदलला तर हा ताळा प्रत्येक वेळी ओरडतो. शेजारच्यांची अदलाबदलही बहुतेक वेळा ओळखतो. पण नेमके सत्तावीसचे बहात्तर करून पाहा. ४७२१६ची बेरीज येते ४४, त्यात शेवटचे ६ मिळवले की ५०. पुन्हा दहाच्या पटीतच. ज्या दोन आकड्यांत पाचाचा फरक आहे, त्यांची अदलाबदल या पद्धतीला दिसत नाही. १६चे ६१, २७चे ७२, ३८चे ८३ झाले तर ती फसते. बारकोड यंत्राने वाचला तर अशी अदलाबदल होत नाही. पण कोड खराब झाला आणि माणसाने आकडे बोटाने टंकले, की हे भोक उघडे राहते.

बँकेच्या कार्डावरचे सोळा आकडे आणि मोबाइल संचाचा पंधरा आकडी ओळख क्रमांक यांची पद्धत थोडी वेगळी आहे. आयबीएम कंपनीतले हान्स पीटर लून यांनी ती शोधली आणि १९६० मध्ये तिचे पेटंट त्यांना मिळाले. तीत पाचाच्या फरकाचे भोक बुजले, तरी ०९ आणि ९० यांची अदलाबदल निसटते.

मग नऊऐवजी अकराचा ताळा का नको? आकडे एकआड एक मिळवायचे आणि वजा करायचे. ४२७१६ला शेवटी ३ जोडले, की ४२७१६३ या संख्येला अकराने पूर्ण भाग जातो. सत्तावीसचे बहात्तर केले, की भाग जात नाही. कोणताही एक आकडा बदला किंवा कोणतेही शेजारी बदला, अकराच्या ताळ्यातून सुटका नाही. एक गोम मात्र आहे. अकराने भागताना बाकी शून्य ते दहा यांपैकी काहीही येऊ शकते आणि दहा ही बाकी एका आकड्यात मावत नाही. जुन्या पुस्तकांच्या मागे दहा आकडी क्रमांकाच्या शेवटी कधी कधी इंग्रजी ‘एक्स’ अक्षर दिसते, ते याच अडचणीमुळे. दहा लिहायला जागा नाही, म्हणून रोमन दहा. कोट्यवधी माणसांना द्यायच्या क्रमांकात असे अक्षर घुसवणे गैरसोयीचे.

पंचकोनाने सोडवलेला पेच

फक्त शून्य ते नऊ वापरायचे, एकच जादा आकडा जोडायचा आणि तरीही एका आकड्याची प्रत्येक चूक आणि शेजारच्यांची प्रत्येक अदलाबदल पकडायची, असा पेच होता. दहाच्या साध्या बेरजेवर आधारलेल्या कोणत्याही पद्धतीने हे साधत नाही, हे सिद्ध करता येते. व्हेरहूफ यांनी बेरीजच बदलली.

त्यांची युक्ती समजून घ्यायला पुठ्ठ्याचा एक समभुज पंचकोन कापावा. तो टेबलावर असा फिरवायचा की बाह्यरेषा पुन्हा तीच दिसावी. न फिरवणे धरून असे पाच प्रकार होतात. पुठ्ठा पालथा करूनही बाह्यरेषा जुळवता येते, त्याचेही पाच प्रकार. एकूण दहा हालचाली. शून्य ते नऊ या दहा आकड्यांना एकेक हालचाल नेमून दिली, की दोन आकड्यांची ‘बेरीज’ म्हणजे एका हालचालीमागून दुसरी हालचाल.

या बेरजेत क्रम बदलला की उत्तर बदलू शकते. आधी पंचकोन फिरवून मग पालथा केला, तर एक स्थिती येते. आधी पालथा करून मग त्याच दिशेने फिरवला, तर वेगळी. आधी पायमोजे आणि मग बूट घालणे वेगळे, आधी बूट आणि मग पायमोजे घालणे वेगळे, तसेच. साध्या बेरजेला जो क्रम दिसत नव्हता, तो या बेरजेला दिसतो. नुसत्या फिरवण्या-फिरवण्यात क्रमाने फरक पडत नाही, म्हणून व्हेरहूफ यांनी प्रत्येक जागेसाठी आकड्यांची ठरावीक फेरमांडणीही जोडली. तेवढ्याने उरलेली भोके बुजली.

या पद्धतीने ४२७१६चा ताळ्याचा अंक ४ येतो. सत्तावीसचे बहात्तर केले तर तो ७ यायला हवा. शेवटी ४ दिसला, की चूक पकडली गेली. आधार क्रमांकातला बारावा आकडा याच पद्धतीने काढलेला असतो.

देशातले पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली या आदिवासी गावात दिले गेले. क्रमांकाची रचना ठरवताना त्यात जात, जिल्हा, जन्मतारीख यांपैकी काहीही गुंफायचे नाही, असे ठरले होते. पहिले अकरा आकडे कोणताही अर्थ नसलेले, फक्त सुरुवात शून्याने किंवा एकाने होत नाही. बारावा आकडा त्या अकरांचा राखणदार.

आठ हजार कोटींचे मोकळे रान

या क्रमांकाचा दुसरा गुणधर्म म्हणजे त्याचा ऐसपैसपणा. पहिल्या जागेसाठी आठ पर्याय आणि पुढच्या दहा जागांसाठी प्रत्येकी दहा. म्हणजे ८,००० कोटी वेगवेगळे क्रमांक. देशाची लोकसंख्या १४० कोटींच्या घरात. साधारण ५७ वैध क्रमांकांमागे एकच माणूस. एखाद्याने मनचे बारा आकडे लिहिले, तर ताळ्यातून निसटण्याची शक्यता दहात एक आणि निसटल्यावर तो खरोखर कुणाचा तरी असण्याची शक्यता सत्तावनात एक.

मोबाइल क्रमांकाचे गणित उलटे आहे. दहा आकडे, सुरुवात सहा ते नऊ यांपैकी एकाने. म्हणजे एकूण ४०० कोटी क्रमांक आणि त्यातले १०० कोटींहून अधिक वापरात. ढोबळमानाने चारांतला एक क्रमांक कुणाच्या तरी खिशात वाजतो आहे. ताळ्याचा अंक नाही आणि रानही दाटीचे. म्हणून मोबाइल क्रमांकातला एक आकडा चुकला, की निरोप हवेत विरत नाही, बऱ्याचदा जिवंत माणसापर्यंत पोहोचतो. चुकीच्या माणसापर्यंत. क्षयरोग, एचआयव्ही, गर्भपात, मानसिक आजार अशा तपासण्यांच्या बाबतीत हा नुसता गोंधळ राहत नाही, त्यातून माणसाचे घर मोडू शकते.

म्हणून दवाखान्यात मोबाइल नंबर सांगताना जी काळजी घ्यायची, ती आधारपेक्षा जास्त हवी. प्रत्यक्षात उलटे घडते. आधारसाठी कार्ड शोधले जाते आणि मोबाइल नंबर घाईत तोंडी सांगितला जातो.

काही सवयी सोप्या आहेत. आकडे एकेक करून सांगावेत, ‘सत्तावीस’ न म्हणता ‘दोन, सात’ म्हणावे. ‘दोन’ आणि ‘सात’ यांमध्ये श्वास घ्यावा, म्हणजे ‘दोन वेळा सात’ असा अर्थ निघत नाही. तीन-चार आकड्यांनंतर थांबावे. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे ऐकणाऱ्याने सगळा क्रमांक उलट वाचून दाखवावा आणि सांगणाऱ्याने तो कार्डाकडे पाहत ऐकावा. जमले तर खिडकीतूनच त्या नंबरवर एक मिस्ड कॉल द्यावा. रुग्णाच्या हातातला फोन वाजला, की यापेक्षा पक्का ताळा नाही. बँक खात्याचा क्रमांक फॉर्मवर दोनदा लिहायला लावतात, तेही याच कारणाने. क्षयरोगाच्या रुग्णाला पोषणासाठी मिळणारे पैसे थेट खात्यात जमा होतात. तिथे चुकलेला एक आकडा म्हणजे महिनोन्महिने अडलेला आहार.

कार्ड नाही किंवा क्रमांक जुळत नाही, म्हणून तातडीचे उपचार नाकारता येत नाहीत, हेही लक्षात असू द्यावे. क्रमांक नंतर दुरुस्त करता येतो.

संख्येला माणूस दिसत नाही

आता या सगळ्या गणिताची मर्यादा. ताळ्याचा अंक फक्त एवढेच सांगतो, की हे बारा आकडे एकमेकांशी जुळतात. ते समोर उभ्या असलेल्या माणसाचे आहेत का, हे तो सांगू शकत नाही. सासू आणि सून एकाच वेळी आल्या, दोघींची कार्डे एकाच पिशवीत होती आणि सुनेच्या केसपेपरवर सासूचा क्रमांक चढला, तर तो क्रमांक अगदी शुद्ध असतो. पंचकोन कितीही फिरवला, तरी त्यात खोट निघणार नाही. आदिवासी पाड्यांवर निम्म्या घरांचे आडनाव एकच असते आणि नावेही पुन्हा पुन्हा तीच येतात, तिथे ही चूक सहज होते. आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये मिळणारा ‘आभा’ क्रमांक तर चौदा आकड्यांचा आहे. त्यावर आयुष्यभराच्या तपासण्या जोडल्या जाणार आहेत. एकीचा साखरेचा अहवाल दुसरीच्या क्रमांकावर चढला, तर पुढचा डॉक्टर तो खरा मानूनच औषध लिहील.

याचे सर्वांत गंभीर रूप रक्तपेढीत दिसते. रक्ताच्या पिशवीसाठी आंतरराष्ट्रीय पद्धतीत जो तेरा चिन्हांचा क्रमांक असतो, त्याच्याही सोबत ताळ्याचे एक चिन्ह असते. तरीही चुकीच्या गटाचे रक्त चढण्यामागे प्रयोगशाळेतल्या तपासणीतली चूक क्वचित असते. बहुतेक वेळा नमुना भलत्याचाच घेतलेला असतो, नळीवर दुसऱ्याचे नाव लागलेले असते किंवा खाटेपाशी पिशवी चुकलेली असते. क्रमांक बरोबर, माणूस चुकला. त्यामुळेच रक्त लावण्यापूर्वी खाटेपाशी दोन जणांनी पिशवी, कागद आणि रुग्ण हे तिन्ही पडताळायचे, असा नियम आहे. रुग्णाची ओळख किमान दोन गोष्टींवरून पटवावी, खोली क्रमांकावरून कधीच नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही २००७ मध्ये सांगून ठेवले आहे.

विचारण्याचीही एक रीत आहे. ‘तुम्ही सखूबाई ना?’ असे विचारले, की ऐकू कमी येणारी, घाबरलेली किंवा तापाने ग्लानीत असलेली बाई मान डोलावते. बहुतेक माणसे पांढऱ्या कोटाला ‘नाही’ म्हणत नाहीत. म्हणून ‘तुमचे पूर्ण नाव काय? वय किती? गाव कोणते?’ असे विचारायचे आणि उत्तर रुग्णाच्या तोंडून येऊ द्यायचे. लहान मूल किंवा बेशुद्ध रुग्ण असेल, तर सोबतच्या नातेवाइकाकडून.

दाखल झालेल्या रुग्णाला एका दिवसात हाच प्रश्न पाच-सहा वेळा ऐकावा लागतो. रक्त घेताना, इंजेक्शन देताना, एक्स-रे काढताना, शस्त्रक्रियेच्या दारात. ‘सकाळीच तर सांगितले, यांना लिहिता येत नाही का?’ अशी नातेवाइकांची कुरकुर वॉर्डात नेहमी ऐकू येते. बारा आकड्यांच्या शेवटी जसा एक आकडा बाकीच्या अकरांची खात्री करायला बसवलेला असतो, तसाच हा पुन्हा पुन्हा विचारलेला प्रश्न. त्याने सिस्टरांचा अर्धा मिनिट जातो आणि उत्तर देणाऱ्याचा तेवढाच. चिडून का होईना, पूर्ण नाव, वय आणि गाव स्पष्ट सांगावे. आणि कुणी न विचारताच सुई टोचायला आले, तर रुग्णानेच हात मागे घेऊन आधी आपले नाव सांगावे.